सासूबाईंच्या पोर्टची तफतीश

"लिही," हे म्हणाले. "रेणुकादास अनंतराव, खाजगी तपासनीस. नजर ससाण्याची, कान हरणाचे, नाक..." इथे हे थांबले, कारण नाकाला साजेसं जनावर सुचेना. "नाकाचं नंतर बघू. निजामाच्या साऱ्या मुलुखात, गोदावरीच्या या काठाला आणि त्या काठाला, या तोडीचा दुसरा माणूस नाही. लिहिलंस?"

मी लिहिलं. यांचं नाव मी तोंडानं घेत नाही, पण लिहायला हरकत नाही, असं गुरुजींना विचारून घेतलं आहे. रोज तुळशीच्या प्रदक्षिणा झाल्या की मी एक हजार आठ वेळा रामनाम लिहिते. त्यानं माझं अक्षर वळणदार झालं, आणि म्हणून यांच्या तपासांची वही माझ्याकडे आली. दिवसा हे नांदेडच्या तहसील कचेरीत अहलकार आहेत, म्हणजे कारकून. तपास सुटीच्या दिवशी आणि जेवताना करतात. आजवर आठ प्रकरणं वहीत चढली. त्यातली तीन सुटली, कारण हरवलेली वस्तू आपण होऊन परत आली.

हे नववं.

श्रावणात सासूबाईंना हिवताप झाला. ताप उतरला, पण अन्न जाईना आणि उठून उभं राहायचं बळ राहिलं नाही. डॉक्टर पंचाक्षरींनी जीभ पाहिली, डोळे पाहिले, आणि रोज जेवणानंतर दोन चमचे पोर्ट वाइन द्या म्हणाले. ती म्हणजे काय, सासूबाईंनी विचारलं. द्राक्षांचा रस, डॉक्टर म्हणाले. मग द्राक्षंच आणा, सासूबाई म्हणाल्या. डॉक्टरांनी यांना ओसरीवर नेऊन तो रस मुरवलेला असतो आणि वर त्यात थोडी ब्रँडी असते, हे हळू आवाजात सांगितलं. ओसरी आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये आमच्याकडे नुसता पडदा आहे. मी त्याच दिवशी देवापुढे पाणी सोडलं की चातुर्मास संपेपर्यंत त्या वस्तूला शिवायचं नाही आणि तिच्याकडे पाहायचंही नाही. सासूबाईंच्या प्रकृतीशी माझं भांडण नव्हतं. माझं ते माझ्यापुरतं.

नांदेडात शिंदी मिळते, मोहाची मिळते. पोर्ट मिळायची ती सिकंदराबादच्या छावणीत, साहेब लोकांच्या दुकानात. हे वेष पालटून गेले. उसनी शेरवानी, तुर्की टोपी, काळा चष्मा. कचेरीतलं कुणी ओळखू नये हा हेतू. स्टेशनवर तिकीटबाबूंनी, रेणुकादासराव, आईंना बरं आहे का, असं विचारलं. हे म्हणाले की तो माणूस तयारीचा आहे, त्याच्यावर नजर ठेवली पाहिजे.

दुकानातल्या वयस्कर पारशी शेटजींनी आधी विचारलं, लाल हवी की पिंगट. लाल म्हणजे तरुण, गोड, पहिल्यांदा घेणाऱ्याला बरी. पिंगट म्हणजे लाकडी पिंपात वर्षानुवर्षं मुरलेली, बदाम-अक्रोडाच्या अंगानं जाणारी. तिसरी एक होती, बाटलीतच म्हातारी झालेली, तळाशी गाळ असलेली. शेटजी म्हणाले, ही नवशिक्याची नाही. हे म्हणाले, तपासनीस कशातच नवशिका नसतो, आणि तीच घेतली.

शेटजींनी सांगितलेलं यांनी टिपून आणलं होतं. बाटली एक दिवस उभी ठेवा. बूच हळू काढा. दुसऱ्या भांड्यात संथ धारेनं ओता, गाळ मानेशी आला की थांबा. झाकून गारव्याला ठेवा. लहान पेल्यातून घ्या. उघडल्यावर आठवडाभरात संपवा.

बूच काढायला सुताराचं गिरमिट आणलं. खरा पेच पडला तो 'दुसऱ्या भांड्या'चा. काचेचं भांडं घरात नाही, चिनी मातीचं सासूबाईंना चालत नाही, पितळेत ती कळकेल, आणि सोवळ्यातली भांडी काढायची सोय नाही. यांनी तोडगा काढला: मातीचं घ्यावं. काम झालं की फोडून टाकायचं, विटाळ घरात राहत नाही. हे स्वतः बाजारात जाऊन कोरं गाडगं घेऊन आले, धुळीचा कण नको म्हणून कोरड्या फडक्यानं पुसलं, त्यात पोर्ट ओतली, वर झाकणी ठेवली आणि कोठीच्या खोलीत वाळूवर बसवलं. कोठीला कुलूप. किल्ली यांच्या जानव्याला.

डॉक्टरांनी दोन चमचे सांगितले होते, पण चमचा कोणता ते सांगितलं नव्हतं. सासूबाईंनी पळी ठरवली. पहिल्या दिवशी नाक दाबून घेतली. दुसऱ्या दिवशी नाक सोडलं.

तिसऱ्या दिवशी यांनी गाडग्यात बांबूची काडी बुडवून पाहिली. चार पळ्या गेल्या होत्या, पण काडीच्या हिशेबानं निम्मं गाडगं रिकामं होतं.

"मुद्देमाल घटला," हे जेवताना म्हणाले. "तफतीश सुरू." तफतीश हा कचेरीतला शब्द, म्हणजे तपास.

मी काही बोलले नाही. चातुर्मासात माझं मौनभोजन असतं. पानावर बसल्यापासून आचवेपर्यंत शब्द काढायचा नाही. यांना हा माझा नेम फार आवडतो.

पहिला संशय उंदरावर. उंदीर शेपूट बुडवून पितो आणि पुन्हा झाकणी ठेवतो, असं यांचं म्हणणं. झाकणी उंदीर कशी ठेवील, असं सासूबाईंनी विचारलं. दोन उंदीर असतील, हे म्हणाले. उंबऱ्यात रांगोळी पसरली. सकाळी तीवर फक्त मुंग्यांची रांग होती. गुन्हेगार जमिनीवरून येत नाही, असं वहीत चढलं. काडी आणखी एक बोट उतरली होती.

दुसरा संशय खुद्द सासूबाईंवर. यांनी त्यांना खुर्चीवर बसवून त्यांच्या तोंडावर कंदील धरला. दिवसाचे अकरा वाजले होते.

"आई, खरं सांग. पळीशिवाय जास्त घेतलीस?"

"मला भिंत धरल्याशिवाय मोरीपर्यंत जाता येत नाही रे," त्या म्हणाल्या. "तुझ्या जानव्याची किल्ली मी कशी काढू? आणि काढता आली असती तर तीन दिवस थांबले असते का?"

हे उत्तर यांना प्रामाणिक वाटलं.

तिसरा संशय शेजारच्या बसलिंगप्पांवर. कोठीची भिंत त्यांच्या घराला लागून आहे. भिंतीला भोक, भोकात पपईच्या देठाची नळी, असा आराखडा यांनी काढला. बसलिंगप्पा गळ्यातलं लिंग हातात घेऊन पूजा केल्याशिवाय पाणीसुद्धा पीत नाहीत. पण हे सकाळीच त्यांच्याकडे गेले आणि माझ्या चष्म्यावर जरा फुंकर घाला म्हणाले. त्यांनी घातली. लवंगेचा वास आला. वास मारायला लवंग, हे यांनी ताडलं. बसलिंगप्पांची दाढ ठणकत होती, हे पुढे दाढ काढल्यावर कळलं.

भिंतीला भोक मात्र सापडेना. मग चौथा संशय आला, आणि तो गुणाबाईवर.

गुणाबाई अकरा वर्षं आमची धुणीभांडी आणि झाडलोट करते. औषधाला कुणी शिवायचं नाही अशी सासूबाईंची ताकीद, म्हणून कोठीत ती फक्त दाराजवळचं झाडायची, तेही यांच्यादेखत. पण त्या आठवड्यात ती भांडी घासता घासता गुणगुणत होती. एकदा तर तव्याकडे पाहून हसली. विनाकारण हसणं, हा यांच्या मते सज्जड पुरावा होता. कारण मला ठाऊक होतं. तिच्या मुलीला, केवळाला, स्थळ आलं होतं. अहमदपूरचे शेषेराव, दोन बैलांची शेती, मुलगा निर्व्यसनी, आणि त्यांची एकच अट की घराणंही तसंच पाहिजे. ते गुरुवारी पाहायला येणार होते.

मंगळवारी हे तिला म्हणाले की उद्यापासून येऊ नको. आणि संशय घेतल्याबद्दल बसलिंगप्पांची माफी मागायला गेले तेव्हा खरा चोर कोण, हेही सांगून आले. तिसऱ्या प्रहरापर्यंत ते साऱ्या गल्लीला कळलं.

गुणाबाई मागच्या दारी येऊन उभी राहिली. रडली नाही.

"बाई, मी दारू पिते म्हनून लोक बोलून राहिले," ती म्हणाली. "काम गेलं तर दुसरं बघीन. पन शेषेरावाच्या कानावर गेलं तर पोरीचं मोडतंय. माझ्या बापानं कधी थेंब शिवला न्हाई वो."

मी तिला बस म्हटलं, गूळपाणी दिलं. यांना काय सांगावं ते मला सुचेना. यांना पुरावा लागतो, आणि माझ्याजवळ अकरा वर्षांशिवाय काही नव्हतं.

रात्री पानावर बसल्यावर हे आरोपपत्र मांडू लागले. सकाळी ते कचेरीतल्या ओळखीच्या जमादाराला द्यायचं होतं. माझ्या नेमाचा तो एक्केचाळिसावा दिवस. मी घास खाली ठेवला.

"ज्या गाडग्यावरून तिला काढता," मी म्हटलं, "ते तिनं एकदा जवळून पाहिलेलं तरी असावं."

हे पाहतच राहिले. सासूबाईंनी हातातली पळी खाली ठेवली. नेम मोडला होता. पहिल्या दिवसापासून पुन्हा धरायचा, हे मनाशी ठरवून मी उरलेला भात मुकाट्यानं जेवले.

"बरोबर आहे," हे आचवून आल्यावर म्हणाले. "गुन्हेगाराला गुन्ह्याच्या जागी नेलं की तो डगमगतो. मी हेच करणार होतो."

बुधवारी सकाळी हे गुणाबाईला कोठीत घेऊन गेले. मी उंबऱ्याबाहेर पाठ करून उभी होते, त्यामुळे मला फक्त ऐकू आलं.

"हे बघ. ओळखतेस?"

"गाडगं हाय."

"घाबरलीस?"

"न्हाई. कोरं दिसतंय. भिजू घातलं व्हतं का, मालक?"

"भिजू?" हे म्हणाले.

"कोरं गाडगं रातभर पान्यात ठिवत्यात. त्याचं पोट भरल्याबिगर त्यात काई घालू नाई. शिवू का?"

सासूबाई बाजेवरून म्हणाल्या, "शिव गं."

गाडगं उचलल्याचा आवाज आला. खालची वाळू लालभडक, ढेकळासारखी घट्ट झाली होती आणि तिच्यावर मुंग्यांची जत्रा भरली होती. गाडग्याचा तळ ओला होता. हे सगळं सासूबाईंनी मला मागून सांगितलं. त्या भिंत न धरता कोठीपर्यंत चालत गेल्या होत्या.

"निम्मं हेनं पिलं, निम्मं वाळूनं," गुणाबाई म्हणाली. "शेन्या कमी पडल्या असतील, कच्चं भाजलंय."

घरात गाडग्यांची जाण असलेली आम्ही दोघी, मी आणि गुणाबाई. एकीला व्रत आडवं, दुसरीला सोवळं. जाण नसलेला एक माणूस मात्र रोज त्यात काडी बुडवत होता.

उरलेली पोर्ट यांनी बाटली विसळून तीतच भरली आणि बूच लावलं. सासूबाई आता चांदीच्या लहान फुलपात्रातून घेतात, अर्ध्या अक्रोडाच्या टरफलात मावेल एवढीच. घोट लगेच गिळायचा नाही म्हणतात. जिभेवर ठेवला की आधी मनुका लागतात, मग काकवी, आणि शेवटी सुपारीसारखं थोडं तुरट. ज्या भगिनींच्या घरी हे औषध आणायचा प्रसंग येईल त्यांनी लालच आणावी, तिला भांडं पालटायची गरज नसते. माझी माहिती ऐकीव आहे.

उरला गुरुवार. यांनी गुणाबाईला, झालं ते झालं, असं सांगून पाहिलं. ती पदर खोचून उभी राहिली आणि म्हणाली की बोललात गल्लीत, तर पुसायचंही चार लोकांत, शेषेरावांच्या समोर.

हे गेले. मी पाठोपाठ वही घेऊन. गुणाबाईच्या अंगणात घोंगडीवर शेषेराव, मुलगा आणि चार शेजारी, त्यात गाल सुजलेले बसलिंगप्पा. यांनी घसा साफ केला आणि आपण एका अत्यंत गूढ प्रकरणाचा कसा छडा लावला, तिथून सुरुवात केली. उंदीर झाले, नळी झाली. गुणाबाईचं नाव येईना. केवळा दारात हातात पोह्यांचं ताट घेऊन ताटकळली होती. बसलिंगप्पांनी एका हातानं गाल धरून मला खूण केली. मी वही उघडून यांच्या हातात दिली. पान काल रात्रीच लिहून ठेवलं होतं. यांना चारचौघांत वहीतलं वाचायची सवय आहे, मध्येच थांबता येत नाही.

"संशयित क्रमांक चार, गुणाबाई," यांनी मोठ्यानं वाचलं. "निर्दोष. थेंबाला शिवलेली नाही. तपासनीसाची चूक. छडा लावला तो..." इथे यांचा आवाज खाली आला. "छडा लावला तो गुणाबाईनं."

शेषेराव घोंगडीवर पुढे सरकले. मग त्यांनी गाडग्याचं काय झालं ते विचारलं. गुणाबाईनं सांगितलं. ते मुलाकडे वळले. "आपल्या घरचा तुपाचा डेरा दर महिन्याला कमी होतो, अन् तुझी माय मला बोल लावून राहिली," ते म्हणाले. "सोयरीक पक्की समज. आन् विहीणबाई, जेवण झालं की तेवढं डेऱ्याचं सांगा."

हे माझ्या शेजारी घोंगडीवर बसले. खिशातून पेन्सिल काढून माझ्यापुढे धरली.

"लिही," हे हळूच म्हणाले. "प्रकरण दहावं. तुपाचा डेरा. तपास, गुणाबाई." थोडं थांबून म्हणाले, "मदतनीस, रेणुकादास."