एका बोटाचा ब्रेक

मानवी प्रगतीचा खरा इतिहास चाकाचा नसून ब्रेकचा आहे. चाक उतारावर आपोआप फिरते. त्याला थांबवायला मात्र बुद्धी लागते. हा विचार आमच्या साडूंचा. (साडू स्वतः बहुतेक वेळ थांबलेलेच असतात, त्यामुळे या विषयावर बोलण्याचा त्यांना अधिकार आहे.)

डॉक्टरांनी त्यांना तीन महिन्यांची मुदत दिली होती. रक्तातली साखर उतरली तर ठीक, नाहीतर रोज इन्शुलिनची सुई. सुईला साडू इतके घाबरतात, की बायको शिवायला बसली तरी ते खोली बदलतात. म्हणून व्यायाम ठरला आणि व्यायामासाठी माउंटन बाइक आली. गावात डोंगर नाही. सर्वांत उंच जागा म्हणजे पोस्टासमोरचा गतिरोधक.

पहिल्या दिवशी साडू फाटकापर्यंत जाऊन परत आले. ब्रेक केबलचे होते आणि दाबायला चार बोटे लागत होती. हा जिवाशी खेळ आहे, असे त्यांनी घरात जाहीर केले. सुरक्षिततेचा मुद्दा निघाला की घरात कोणालाही विरोध करता येत नाही. सगळे मोठे खर्च याच पायावर उभे असतात. हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे, ब्रेक बसेपर्यंत सायकल न चालवण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. (मत एकच होते.)

पहिला महिना अभ्यासात गेला. निष्कर्ष असे: केबल ताणली जाते, तेल ताणले जात नाही, तेलाचा ब्रेक एका बोटाने लागतो, उरलेल्या तीन बोटांचे काय करावे, याबद्दल तज्ज्ञांत एकमत नाही. अभ्यास बैठा असल्यामुळे हाताशी बिस्किटे होती. पाहिलेल्या व्हिडिओंमधल्या मंडळींनी मिळून साडेचारशे किलोमीटर सायकल हाकली. हे अंतर साडूंच्या नावावर धरावे की नाही, ते डॉक्टरांवर सोडले आहे.

माझी मेहुणी या सगळ्यात एकदाच बोलली. "अहो, थांबायची सोय होईल हो. पण निघायचं कधी?"

साडूंनी तिला प्रेमाने सांगितले, की घाई करून चालत नाही.

दुसऱ्या महिन्यात नवे ब्रेक बसले. सायकल बैठकीच्या खोलीत उलटी, चाके काढून सोफ्याला टेकलेली. येईल त्याला साडू ब्रेकची मूठ पुढे करत. "दाबून बघा. एक बोट." शेजारी दाबून गेले, सासूबाई दाबून गेल्या, विम्याचा एजंट दोनदा दाबून गेला. मीही दाबला. खरोखर लोण्यासारखा होता.

या ब्रेकची अट एकच असते. चाक जागेवर नसताना तो दाबायचा नाही. दाबला तर चाक आवळणारे दोन्ही पॅड एकमेकांना भिडतात आणि चाकावरची पातळ तबकडी, म्हणजे डिस्क, मधल्या फटीत शिरत नाही. ही अट माहितीपत्रकात लाल अक्षरांत होती. साडूंनी ती आम्हाला मोठ्याने वाचूनही दाखवली, सगळ्यांचे दाबून झाल्यावर.

फट उघडायला काहीतरी चपटे हवे होते. साडूंनी स्वयंपाकघरातून उलथणे आणले. फट उघडली. उलथणे मात्र थेट तव्यावरून आले होते, आणि पॅडला तेल लागले की ब्रेक लागतच नाही. आत तेलावरच चालणारे हे यंत्र बाहेरचा थेंबही सहन करत नाही. असा स्वाभिमान हल्ली माणसांत आढळत नाही. नवे पॅड मागवले. ते यायला तिसरा महिना लागला.

काम पुरे झाले ते तपासणीच्या आदल्या दिवशी. साडू दवाखान्यात गेले ते मोटारीने, कारण नवे पॅड रुळेपर्यंत ब्रेकचा भरवसा धरू नये असे पत्रकात म्हटले आहे. डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला, चष्मा काढला आणि विचारले, "सायकल किती चालवलीत?"

"चालवायची आहे अजून," साडू म्हणाले. "पण डॉक्टर, थांबते अप्रतिम."

वाचकांना इथे हसू येणे स्वाभाविक आहे. आमच्या पाहणीनुसार, दहा माणसांपैकी नऊ जणांनी रोज चालायला जायचे म्हणून उत्तम बूट घेतलेले असतात आणि ते अजून खोक्यात असतात. दहावा माणूस आत्ता बाहेर चालतो आहे. हे वाचताहेत ते उरलेले नऊ.

साडूंची सुई सोमवारपासून सुरू झाली.