चालू बॉयलरची तपासणी

आमचा बॉयलर उत्तम चालत होता. त्यामुळे त्याची तपासणी करून घेणे भाग होते.

वार्षिक तपासणी चुकली तर हमी रद्द होते, आणि हमी रद्द झाली तर बॉयलर बिघडल्यावर कोणी फिरकत नाही, असे ‘निश्चिंत ऊब’ योजनेच्या माणसाने मला फोनवर इतक्या गंभीरपणे सांगितले, की मी उभ्याउभ्याच त्याची क्षमा मागितली. हॅलिफॅक्समध्ये नोव्हेंबर लागला होता. आणि घरात टिली होती.

टिली आठ महिन्यांची आहे. दिवसभर ती जगाला नकार देते. गाजर नको, मोजे नकोत, कधीकधी बापही नको. पण संध्याकाळी कोमट पाण्यात बसवली, की दोन्ही तळहातांनी पाण्यावर थापा मारते आणि सगळ्यांना माफ करून टाकते. मग झोपते. मग आम्हीही माणसांत येतो. आमच्या संसाराचा पाया म्हणजे स्वयंपाकघरातल्या कपाटात, ओट्सच्या डब्यांशेजारी घुंघुं करत घर आणि नळाचे पाणी तापवणारी ती पांढरी पेटी.

तपासनीस आले. नाव क्लिफर्ड, वय निवृत्तीच्या अलीकडचे. त्यांनी दारातच बुटांवर निळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवल्या आणि मी विचारले, “साखर किती?” आमच्याकडे घरात आलेल्या कारागिराला हा प्रश्न ‘या, बसा’च्याही आधी विचारतात. न विचारणाऱ्या बाईबद्दल गल्लीत बोलले जाते.

चहा पीत क्लिफर्डनी बॉयलरला कान लावला. “झकास चाललाय,” म्हणाले, आणि त्यांनी झाकण उघडले.

झाकण उघडले की आतली रबरी पट्टी फाटते. पट्टी फाटलेला बॉयलर चालवणे नियमात बसत नाही. आणि नवी पट्टी गाडीत नव्हती. क्लिफर्डनी गॅस बंद केला आणि बॉयलरच्या गळ्यात ‘धोकादायक’ अशी लाल चिठ्ठी बांधली.

“पण तो चालू होता ना?” मी म्हटले.

“चालूच होता, पोरी. म्हणून तर तपासणी झाली. बंद असता तर ती दुरुस्ती. ते खातं वेगळं.”

आमच्या पट्टीमुळे त्यांना त्रास झाला, याबद्दल मी दिलगिरी व्यक्त केली.

पट्टी लवकर मिळावी म्हणून फोन केला. तिकडच्या मुलीने आपुलकीने विचारले, घरात कोणी वृद्ध, आजारी, लहान? मी म्हटले, लहान बाळ आहे, पण आमचे भागते आहे, तुम्ही काळजी करू नका. आमच्याकडे छप्पर उडून गेले तरी माणूस ‘भागतंय’ म्हणतो आणि छत्री शोधतो. पलीकडे कळफलकाची टकटक ऐकू आली. नंतर कळले, की कंपनीत ‘भागतंय’ अशी स्वतंत्र रांग आहे. ज्यांचे भागत नाही, त्या सगळ्यांचे झाले की ही रांग पुढे सरकते. आमचा सगळा गाव त्याच रांगेत उभा होता, आणि जो तो मागच्याला ‘तुम्ही आधी’ म्हणत होता.

मी किटलीत पाणी तापवून टिलीला भांडी घासायच्या टबात बसवू लागले. तिला ते पटले नाही, पण थापा मारण्याइतके पाणी होते.

यथावकाश क्लिफर्ड पट्टी घेऊन आले. नेमकी किटली उकळली होती. साहजिकच आधी चहा. टिली टॉवेलात गुंडाळलेली, माझ्या कडेवर, आपल्या आंघोळीच्या पाण्यात बिस्किट बुडवणाऱ्या क्लिफर्डकडे टक लावून पाहत राहिली.

नवी पट्टी जुन्या झाकणाला बसत नव्हती. पुढच्या खेपेला नवे झाकण आले, पण ते जुन्या पंख्याला टेकत होते. नवा पंखा आला, तर जुन्या सर्किटची आज्ञा मानेना. “नव्या पिढीचा आहे,” क्लिफर्ड म्हणाले. दर खेपेला एक भाग, दर भागाला एक किटली. जितकी दुरुस्ती होईल तितकी टिली मळत चालली.

शेवटी मी तिला घेऊन शेजारच्या एनिडमावशींकडे आंघोळीला जाऊ लागले. मावशींचा बॉयलर व्यवस्थित होता. क्लिफर्डनी मला टॉवेल घेऊन निघताना पाहिले आणि विचारले, शेजारी योजनेत आहेत का? ओळखीतले एखादे नाव सुचवा ना. हातात कप धरून माणूस समोर उभा असताना ‘नाही’ कसे म्हणणार? मी सुचवले. आठवड्याच्या आत एनिडमावशी काखेत टॉवेल मारून आमच्या दारात उभ्या. तुमचा सुरू झालाय का, म्हणाल्या. मी त्यांनाही चहा दिला.

माझा नवरा ग्लिन शांत माणूस आहे. त्या दिवशी मात्र, अंगात दोन स्वेटर घालून, तो म्हणाला, “आता तक्रार कर.”

“तू कर ना.”

“मला सर्दी झालीय.”

मी फोन उचलला, टिलीच्या चिकट केसांवरून हात फिरवला आणि काळीज घट्ट करून म्हटले, “मला जराशी निराशा वाटते आहे.”

ग्लिनने कपाळाला हात लावला. “इतकं तोडून बोललीस?”

कंपनी हादरली. दुसऱ्याच दिवशी क्लिफर्डबरोबर त्यांचे साहेबही आले. निळ्या पिशव्यांचे दोन जोड, दोन कप. उरलेले सगळे जुने भाग त्यांनी काढले आणि नवे बसवले. कळ दाबली. घुंघुं. नळाखाली धरलेला माझा हात भाजला आणि मला रडू आले. टिलीला वर न्हाणीघरात नेऊन पाण्यात बसवले. तिने दोन्ही तळहात आपटले. गाजराला माफ केले, बापाला माफ केले, मला वाटते क्लिफर्डनाही केले. तिचे अंग पुसून, तिला खांद्यावर घेऊन मी खाली आले.

साहेब थांबले होते. म्हणाले, आता यात जुना एकही भाग नाही, म्हणजे नियमाने हा नवा बॉयलर आहे. हमी जुन्याची होती. ती त्याच्याबरोबर गेली. नव्याला हमी मिळेल, फक्त त्याची वार्षिक तपासणी झालेली हवी.

“ती कधी करायची?” मी विचारले.

“आता आलोच आहोत, तर...” साहेबांनी पेचकस उचलला.

टिली माझ्या खांद्यावर लोण्यासारखी मऊ, ऊन, झोपेला आलेली. मला फक्त ‘नको’ म्हणायचे होते. दोन अक्षरांचा शब्द. मी तोंड उघडले आणि विचारले, “साखर किती?”

झाकण निघाले. पट्टी फाटली. आवाज फार मोठा नव्हता, टिलीसुद्धा जागी झाली नाही.

जाताना क्लिफर्डनी लाल चिठ्ठी बांधली आणि नेहमीसारखे विचारले, ओळखीतले आणखी एखादे नाव? गल्लीतली सगळी नावे केव्हाच संपली होती. ते कप हातात धरून, हसऱ्या चेहऱ्याने उभे होते. नाही म्हणवेना.

मी तुमचे नाव सांगितले आहे. किटली तेवढी भरून ठेवा. क्लिफर्डना दोन चमचे लागतात.