उसाच्या फडातली लढाई

युद्धाच्या सिनेमांबद्दल उत्तरेश्वरशी वाद घालायची अख्ख्या वडवणीत कुणाची टाप नव्हती! त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. गिऱ्हाइकाचा फोन उघडा टाकून तो कुठल्या सिनेमातला रणगाडा खरा आणि कुठला पुठ्ठ्याचा, हे तासभर सांगत बसे.

त्याला जुमानत नव्हते ते एकटे त्याचे सासरे, आश्रुबा. फौजेतून निवृत्त होऊन कडा गावाजवळच्या आपल्या खेड्यात शेती करणारे. दिवाळीला सासरवाडीला गेल्यावर उत्तरेश्वरने मोठ्या हौसेने त्यांना आपला सगळ्यात लाडका सिनेमा लावून दिला. आश्रुबा मध्येच उठले.

"कावून मामा? आवडला न्हाई?"

"जावाईबापू, ह्या गड्याच्या छातीत गोळी घुसली, तरी आईला निरोप देतोय, बायकोला निरोप देतोय, वरून गाणं म्हणतोय! केसाचा भांग तेवढा मोडंना. लढाई हाय का वरात?"

सगळं घर खो खो हसलं. बायको स्वप्नालीही हसली, ते त्याला फार लागलं.

"खरी लढाई मीच काढून दाखवतो! उद्याच!"

दुसऱ्या दिवशी दुपारी तो मेहुण्याला, रविराजला, घेऊन आश्रुबांच्या उसात घुसला. तोंडाला चिखल, डोक्याला पाचट, हातात ठिबकचा पाईप. शूटिंग रविराजच्या फोनवर.

"दाजी, डायलॉग काय हाय?"

"डायलॉगच न्हाई! मरणारा माणूस बोलत नसतो. नुसता कण्हणार!"

आणि उत्तरेश्वर चार पायांवर रांगत कण्हायला लागला. "अर्रर्रऽऽ! घुर्रर्रऽऽ!" ऊस गदागदा हलू लागला.

बांधावर छबुबाई गवत कापत होती. आठवडाभर शिवारात बिबट्याची आवई होतीच. तिने विळा टाकला आणि लुगडं सावरत बोंब ठोकली, "वाघरू! वाघरू आलं रं!"

शेजारच्या रानातला हनुमान काठी घेऊन धावला. त्याच्या मागे पाच-सहा गडी. कुणी टिकाव घेतला, कुणी पत्र्याचा डबा बडवला. तो गलका ऐकून उत्तरेश्वर फडात खूश! रविराजने शत्रूचं सैन्य जमवलं तर! मेहुणा असावा तर असा! आता मरणही तसंच झोकात हवं, म्हणून त्याने घुरघुर दुप्पट केली.

"लई पिसाळलंय!" हनुमान ओरडला, आणि पहिली काठी उत्तरेश्वरच्या पाठीत सणकन बसली.

"आयो! मी हाय! मी जावाई हाय!"

"कुणाचा बे?"

"आश्रुबाचा!"

पण हे पुढच्यांनी ऐकलं. मागच्यांना ऐकू जाईपर्यंत आणखी दोन काठ्या पडल्या होत्या.

आणि रविराज? तो पहिल्या बोंबेलाच शूटिंग चालू असलेला फोन हातात घेऊन थेट घरी पोचला होता.

संध्याकाळी टीव्हीवर सिनेमा लागला. पडद्यावर आधी नुसता हलणारा ऊस आणि घुरघुर, मग आभाळ, ढेकळं, एक चप्पल, पुन्हा आभाळ. धापा. "आई गं, मेलो!" मग लांबून धपाधप आवाज आणि एक किंकाळी. संपला सिनेमा! उत्तरेश्वर पालथा पडला होता. स्वप्नाली पाठीला हळद लावत होती आणि हसू दाबताना तिचा हात हलत होता.

आश्रुबांनी मात्र डोळ्याची पापणी न लववता सगळं बघितलं. परत लावायला सांगितलं. परत बघितलं.

"हां! ही लढाई! काय दिसत न्हाई, कोण कुणाला हानतंय कळत न्हाई, आन् मार आपल्याच माणसांचा!"

उत्तरेश्वरची पाठ दुखायची थांबली! त्याने मान वर केली. "मग मामा, पटलं का काम?"

"पटलं म्हंजे? काय जीव तोडून पळालंय आमचं पोरगं!" आश्रुबांनी रविराजच्या पाठीवर थाप मारली. मग जावयाकडे वळून आपुलकीने विचारलं, "पर जावाईबापू, तुमी कुठंच दिसला न्हाईत. तुमी कुठं गेलता?"