खामगाव बंदरातल्या सत्तावन्न गाड्या

मालधक्का सुरक्षित कसा चालवावा, या विषयात सबंध वऱ्हाडात माझ्याएवढा जाणकार माणूस सापडायचा नाही! समुद्र मी पाहिलेला नाही, पण त्यानं काही अडलं नाही. खामगावपासून तो तीनशे मैलांवर आहे, आणि माझं काम तपासायला तो काही येणार नव्हता.

मी वामनरावांच्या कापसातली सरकी काढायच्या जिनात हंगामी कारकून. दिवाळी झाली की कापूस येतो आणि मी कामाला लागतो. उन्हाळा आला की कापूस संपतो आणि मी पिंपळगाव राजाला मामाकडे ढेकळं फोडायला जातो. यंदा मात्र मुंबईच्या विमा कंपनीकडून एक पुस्तक आलं. तिकडे धक्क्यावर कापसाच्या गठाणी पेटल्या होत्या म्हणे. तेव्हा कंपनीनं ठरवलं की जो माल जहाजात चढणार, तो जिथून निघतो तिथंही बंदराचेच नियम पाळायचे. तपासनीस येणार, दाखला देणार. दाखला नाही तर विमा नाही. पुस्तक इंग्रजी, आणि जिनात मॅट्रिक झालेला मी एकटा.

"यातला एक बी नेम सुटला नाई पायजे," वामनराव म्हणाले. "दाखला मिळाला तं तुले कायम करतो. नाई मिळाला तं मामाचं गाव हायेच."

मी पुस्तक दोनदा वाचलं. पुस्तकात जहाजं होती आणि जिनात बैलगाड्या, एवढाच काय तो फरक. जहाज म्हणजे गाडी, कप्तान म्हणजे गाडीवान, खलाशी म्हणजे बैल. धक्का म्हणजे कापूस उतरवायचा ओटा आणि समुद्र म्हणजे समोरचा रस्ता. दर पन्नास फुटांवर, बुडणाऱ्याला फेकायचं तरंगतं कडं असावं, असा एक नियम होता. खामगावात बुडायचं तर आधी पाणी शोधावं लागतं. तरीही, पोहायला शिकणाऱ्यांच्या कमरेला बांधतात तसले वाळके भोपळे आणून मी खांबाखांबाला टांगले. रस्त्यानं जाणाऱ्यांनी आत कुणाचं लग्न आहे म्हणून चौकशी केली.

जहाजाचं तोंड समुद्राकडे असावं आणि इंजिन बंद करू नये, हा पुढचा नियम. मी गाड्या रस्त्याकडे तोंड करून उभ्या केल्या आणि बैल सोडायला बंदी घातली. चिलमी, विड्या, काड्यापेट्या फाटकात जमा. प्रत्येकाला पावती. शिवाय माल उतरवण्याआधी कप्तानाकडून बत्तीस प्रश्नांचा कागद भरून घ्यायचा होता. पहिली गाडी माझ्या मामांचीच आली, शेषरावांची.

"गाडी पाण्यात किती बुडते?" मी विचारलं.

मामांनी नीट विचार केला. "पिंपळगावच्या नाल्यात आसापावतर बुडते," ते म्हणाले. "पण आता नाला कोरडा हाये, बापू."

मी 'चाकाच्या आसापर्यंत' असं लिहिलं. खलाशी किती? दोन. पैकी अनुभवी किती? एक, कारण डावीकडचा नवीन घेतलेला होता.

दहा मिनिटांत रिकामी होणारी गाडी आता तासभर घेऊ लागली. तपासणीच्या दिवशी तर दुपारपर्यंत आवारात सत्तावन्न गाड्या तुंबल्या, त्यात दुसरी खेप घेऊन आलेल्या मामांचीही होती. गाडीवानांनी माझ्या घराण्याबद्दल आपापली मतं सांगितली. मामांनी त्यात भर घातली नाही, कारण अर्धं घराणं त्यांचंच होतं.

तीन वाजता विमा कंपनीचे तपासनीस नारायणराव आले. त्यांनी भोपळे मोजले, पावत्या पाहिल्या, मान डोलावली. उरली होती शेवटची, आग लागल्याची तालीम. भोंगा तीनदा वाजला की तीन मिनिटांत सगळ्या जहाजांनी धक्का सोडून समुद्रात निघून जायचं. हे मी सगळ्यांना सकाळीच समजावून ठेवलं होतं. नारायणरावांनी घड्याळ काढलं. मी भोंगा वाजवला.

सकाळपासून जुंपलेले बैल आणि सकाळपासून विडी न ओढलेले गाडीवान, एवढी तयारी जगातल्या कुठल्याही बंदरात नसेल! धुरळा खाली बसला तेव्हा आवारात एक चाकसुद्धा उरलं नव्हतं.

"अडीच मिनिटं," नारायणराव म्हणाले. "मुंबईतसुद्धा हे पाहिलं नाही मी."

वामनरावांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदाच. मग त्यांनी हळूच विचारलं, "आता वापस कधी येतीन?"

मी पुस्तक उघडलं. जहाजं न्यावीत कशी, हे बावीस कलमांत होतं. परत आणावीत कशी, हे एकाही कलमात नव्हतं.

आमच्या समुद्राची रुंदी पंधरा पावलं. पलीकडच्या किनाऱ्यावर किसनरावांचा जिन, आणि त्यांचा विमा दुसऱ्या कंपनीचा. तिथं ना पुस्तक, ना प्रश्न. फाटक सताड उघडं. मी धावत गेलो, तर मामांची गाडी अर्धी रिकामी झाली होती.

"मामा, तुमी तरी थांबाचं होतं. माही नोकरी हाये तिथं."

"भोंगा वाजला, निंघालो. तूच सांगतलं ना." मामांनी जवळच्या बैलाला थोपटलं. मग म्हणाले, "बैलायचे खांदे पाय एक डाव. तुह्या बंदरात सकाळपासून जू उतरलं नाई. इथं पयले बैल सोडले, मंग कापूस पायला."

मी खांदे पाहिले आणि परत आलो. संध्याकाळी सगळे गाडीवानही परत आले, पण ते पावत्या घेऊन. आपापल्या चिलमी मोजून घेतल्या आणि गेले.

नारायणरावांनी दाखला मात्र जागेवरच दिला. 'या आवारात आगीचा धोका मुळीच नाही, कारण आवारात पेटण्याजोगे काहीच नाही.' खाली सही आणि शिक्का.

वामनरावांनी तो शांतपणे दोनदा वाचला. मी मनात कुदळ शोधायला लागलो होतो.

"कायम करतो म्हटलं होतं," ते म्हणाले. "शब्द फिरवत नाई मी."

आणि ते किसनरावांच्या नावानं चिठ्ठी लिहायला बसले. त्यात त्यांनी माझी जी स्तुती केली, ती माझ्या आईलाही साधली नसती. असा हुशार माणूस माझ्यापेक्षा माझ्या शेजाऱ्याला जास्त लाभो, असंही लिहिलं. सोबत पुस्तक भेट दिलं. शिक्क्याचा दाखला पाहून किसनरावांनी मला दुसऱ्याच दिवशी कायम करून घेतलं.

बुधवारी मी तिथं भोपळे टांगले. शुक्रवारी तालीम घेतली. बैलांचं कलम या वेळी मी सैल केलं होतं, त्यामुळे सात मिनिटं लागली. पण गाड्या गेल्या सगळ्या. समोरच्या फाटकात वामनराव स्वतः उभे राहून त्यांना आत घेत होते.

मी आता कायम आहे. कुठे, ते दोघे मालक मिळून ठरवताहेत.