‘नाही’ला जागा नाही

कपडे धुण्याचं मशीन टुंग करून थांबलं आणि मोठ्या मिनतवारीने जमवलेली दुपारची शांतता मोडली. तापाने घरी राहिलेली सहा वर्षांची लेक नुसती कूस बदलून पुन्हा झोपली. आईने हेडफोन चढवला आणि बैठकीला हजर झाली.

तिची कंपनी एक चिमुकला मोजणीदार बनवत असे. तो कुठल्याही जातीच्या फोनात, कुठल्याही अ‍ॅपच्या पोटात बसे आणि माणसाने बोट कुठे लावलं, कुठे तो कंटाळला, ते निमूटपणे कंपनीला कळवी. तुमच्याही खिशात बहुधा एखादा असेलच. आता तो मुलांच्या गोष्टींच्या अ‍ॅपमध्ये जाणार होता. लेक रोज तेच अ‍ॅप ऐकायची, म्हणून आईचा जीव अडकला होता.

“मुलांसाठी मोजणी मुळात बंद ठेवू या. ज्याला हवी तो सुरू करील.”

“कोण करील?” साहेबांनी विचारलं.

“कुणीच नाही.”

“बघा! लोकांना ही दगदगच नको आहे. सुरूच ठेवा.”

तरी परवानगी विचारणं भाग होतं. एका जातीच्या फोनांना तसा नियम होता, आणि सर्व फोनांवर सारखंच दिसावं हे कंपनीचं तत्त्व होतं. म्हणून सगळीकडे ‘हो’ आणि ‘नाही’ अशी बटणं आली. चाचणीत लोक धडाधड ‘नाही’ दाबू लागले. ही गंभीर त्रुटी ठरली.

वकीलबाईंनी नियम पुन्हा वाचला. “विचारलं पाहिजे, एवढंच लिहिलंय. उत्तराबद्दल नियम मौन आहे.”

“‘नाही’ फार तुसडं दिसतं हो,” अ‍ॅपचे पडदे रेखाटणारा म्हणाला. “जरा मायेचा शब्द हवा.”

“आई, गोष्ट सांग ना!” आतून हाक आली.

“नंतर हं, राजा!” आई सवयीने म्हणाली. माइक चालूच होता.

“वा!” साहेब उसळले. “‘नाही’च्या जागी ‘नंतर’! नकाराचा नकार, वर पुन्हा विचारायची सोय!”

“अहो, मी लेकीला म्हणाले...”

“म्हणूनच तर इतकं खरं वाटलं!”

विरोध केला तर आणखी एक बैठक लागणार होती. लेकीच्या कपाळावरची पट्टी बदलायची होती. आईने ‘मान्य’ लिहिलं आणि चाचणीची आवृत्ती घरच्या फोनात उतरली.

ती आत गेली, तेव्हा लेक पडद्यावर बोट आपटत होती.

“आई, मी ‘नंतर’ दाबलं, तर ते लगेच परत आलं. पुन्हा दाबलं, पुन्हा आलं.”

“येऊ दे गं.”

लेकीने फोन खाली ठेवला.

“याचं नंतर लगेच येतं. तुझं कधी येतं?”