गाडीतल्या वासाचा तपास

माझी बुद्धी तल्लख, नजर घारीची आणि नाक तर असं की, शेजारच्या घरात दूध उतू जाण्याआधी मला कळतं. माझ्या धाकाने शहरातले गुन्हेगार गप्प बसून आहेत. म्हणूनच माझ्याकडे आजवर एकही प्रकरण आलं नव्हतं, हे मात्र बायकोला पटत नाही.

पहिलं प्रकरण आणलं ते तिच्याच धाकट्या भावाने. तो लोकांना गाडी चालवायला शिकवतो.

"भावोजी, गाडीत वास येतो म्हणून सगळे शिकायचं सोडून पळतायत. आता बँकेतल्या एकच बाई उरल्यात. त्याही गेल्या तर मालक मला नारळ देणार!"

पोराचं तोंड एवढंसं झालं होतं. मला वाईट वाटलं. थोडा आनंदही झाला.

सीटखाली उंदीर मेलाय, हा माझा पहिला निष्कर्ष. मी सीट उचकटली. उंदीर नव्हता, पण सीट काही परत बसेना. मग मी शत्रूचा डाव ओळखला. समोरच्या ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांनी नासकी अंडी फोडली असणार! त्यांच्या दारात दबा धरून बसलो, तर त्यांनी मला चहा आणून दिला. संशय आणखी बळावला.

"तू आंघोळ करतोस ना?" मी मेहुण्याला चतुराईने विचारलं.

"दोनदा! घामच फार येतो हो. शिकणारे गाडी ट्रकसमोर घालतात, आणि ब्रेक मारायचा मी."

मी त्याला तिथल्या तिथे निर्दोष सोडलं. खबरदारी म्हणून त्याच्या शर्टावर अर्धी बाटली अत्तर ओतलं. त्या दिवशी बाईंनी एका हाताने नाक धरलं आणि दुसऱ्याने गाडी चालवली.

शनिवारी संध्याकाळी तो आमच्याकडे आला, पिशवीतून स्कूलचा शर्ट काढला आणि इस्त्री मागितली. इस्त्री टेकताच आमचं मांजर उठून बाहेर गेलं. बायको स्वयंपाकघरातून धावत आली.

"अरे, न धुताच इस्त्री?"

"ताई, सकाळचे तीन तास तर घालतो. मळतो कुठे? नुसता चुरगळतो. शिवाय स्कूलने शर्ट एकच दिलाय."

"काखेतला घाम तसाच वाळवायचा, वर इस्त्री फिरवायची आणि सकाळी आंघोळ करून परत तोच अंगात घालायचा! शाबास! टाक तो बादलीत. आणि मालकांकडून दुसरा मागून घे. अहो, ती अत्तराची बाटली इकडे द्या आधी."

मी हेच सांगणार होतो, असं म्हणालो. कुणी लक्ष दिलं नाही.

सोमवारी उन्हात खडखडीत वाळलेला शर्ट घालून मेहुणा गाडीत बसला. पाळत ठेवायला मी मागे होतोच. बाईंनी पहिल्याच वळणावर गाडी थेट बसच्या अंगावर घातली. मेहुण्याने कसाबसा ब्रेक दाबला. त्याला दरदरून घाम फुटला आणि त्याने भीत भीत बाईंकडे पाहिलं.

"सर," बाई म्हणाल्या, "उद्या जरा लवकर येऊ का? मला अजून बरंच शिकायचंय."