हळदीच्या गोदामातली अळवंतीण

सून हसली, तेव्हाच द्वारकाबाईला संशय आला.

तान्ह्या, रडक्या लेकराची आई हसत नसते, हे सेनगाव तालुक्यातल्या कुठल्याही सासूला विचारा. आत्ता-आत्तापर्यंत प्रतिक्षाचं सगळं रीतसर चाललं होतं. डोळ्यांखाली काळं, चहात मीठ, आणि लेकराला थोपटता थोपटता स्वतःच रडणं. आता मात्र ती भाकऱ्या थापताना गुणगुणत होती. वर तळपाय पिवळेधमक.

"पाय पिवळे काहून झाले गं?"

"झाले असतील कुठं तरी, आत्याबाई," म्हणत ती पुन्हा हसली.

द्वारकाबाईनं पाळत ठेवली. उन्हाच्या पारी सारं गाव आडवं झालं, की सून लेकराला पदराआड घेऊन निघायची, ती थेट गावाबाहेरच्या हळदीच्या बंद गोदामाकडं. त्या गोदामाचं नाव गावात कुणी काढत नसे. भर दुपारी तिथून लेकरांचं रडणं ऐकू यायचं, मग एक बाई खोल आवाजात घुमायची, आणि रडणं एकदम थांबायचं. असं का थांबायचं, ते बघायला जाण्याची छाती कुणाला नव्हती.

"अळवंतीण हाय ती," शेजारची बेबीबाई म्हणाली. "बाळंतपनात मेलेली बाई. तिला दुसऱ्याची लेकरं लागतेत. तुमच्या सुनंला धरलं बराबर."

"पर सून तर ताजीतवानी दिसून राहिली."

"तेच तर. आधी खुलवते, मंग नेते. नातू सांभाळा."

सून गेली तर दुसरी आणता येईल, असं ती भांडणात अनेकदा म्हणाली होती. पण आता सून आणि नातू दोघांचीही काळजी वाटली, आणि सुनेची जरा जास्तच. मुलाला, भागवतला, सोबत घ्यावं तर मोटारीची लाईट दुपारची, तो शेतात पाणी द्यायला गेलेला. शेवटी मुठीत मीठ-मोहरी घेऊन ती निघाली. बेबीबाई आणि आणखी दोघीतिघी मागं आल्या, पण बाभळीपाशी थबकल्या.

"तुमी व्हा म्होरं. आमी हाव इथंच."

दार नुसतं लोटलेलं होतं. आत अंधार आणि हळदीचा उग्र वास. कुठंतरी पाळण्याची कडी कुरकुरत होती. डोळे सरावले, आणि द्वारकाबाईच्या मुठीतली मोहरी सांडली. जमिनीवर ओळीनं माणसं पडली होती. डोक्यावरून चादरी ओढलेल्या, पाय तेवढे बाहेर. सगळे पाय पिवळे. कुणी हलत नव्हतं.

मग त्यातलं एक प्रेत घोरलं.

ते घोरणं द्वारकाबाईच्या ओळखीचं होतं. घरात बापलेक दोघंही असेच घोरत. तिनं चादर ओढली. खाली भागवत होता.

"आन् शेतातलं पानी?" ती एवढंच म्हणू शकली.

अंधारातून तोंडावर बोट ठेवून जिवनबाई आली. एका खांद्यावर एक लेकरू, दुसऱ्या खांद्यावर दुसरं, आणि ओठांत खोल, घुमणाऱ्या आवाजातली अंगाई. अंगणवाडीतून निवृत्त झालेली ही बाई दुपारभर कुठं असते, हेही गावाला ठाऊक नव्हतं.

"हळू बोला. लय मुश्किलीनं झोपलेत. लहान लेकरांच्या आईबापांला इथं दुपारी झोपू देतो आमी, अन् लेकरं आमी सांभाळतो. फुकट. पन उघड कोन येतंय? सासवा म्हनतेत, आमच्या घरातली मानसं मेली का? म्हनून तोंडावर चादर. कुनी कुनाला बघायचं न्हाई."

म्हणजे नवरा या ओळीत, बायको त्या ओळीत, आणि एकमेकांना पत्ता नाही.

बोलण्यानं प्रतिक्षा जागी झाली. सासूला बघून तिचा चेहरा उतरला. "आत्याबाई, बंद नका करू माझं येनं," ती म्हणाली. "इथं यायच्या आदी एकदा लेकरू आपटायलाच उचललं व्हतं मी. भ्या वाटतं मला माझंच."

द्वारकाबाई रागानं पुढं झाली. पण मग तिनं सुनेच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तिथंच राहिला.

"तुमी दुपारी कवा झोपला व्हता?" जिवनबाईनं विचारलं.

द्वारकाबाईनं आठवून पाहिलं. "लग्नाच्या आदी," ती म्हणाली.

जिवनबाईनं एक चादर पुढं केली. "नुसतं टेकते," म्हणून द्वारकाबाई टेकली, आणि दिवस कलला तेव्हा उठली.

बाभळीखाली तोवर रडारड सुरू झाली होती. केस विस्कटलेली, पाय पिवळे झालेली द्वारकाबाई बाहेर आली, तशा बाया चार पावलं मागं सरल्या.

"काय हाय आत?"

खरं सांगावं, तर उद्या गावातली प्रत्येक सासू आपल्या सुनेला इथून फरफटत नेणार. द्वारकाबाईनं घसा साफ केला.

"हाय. लय कडक हाय. मला उभीची आडवी केली तिनं. दुपारी कुनी इकडं फिरकू नका. मला मातर रोज बोलावलंय, सुनंला अन् नातवाला घेऊन."

"अन् आमच्या शिलाला न्हाई ना?" बेबीबाईनं सुनेचं नाव घेऊन घाबरत विचारलं.

शिला त्या क्षणी आत, दाराजवळच्या चादरीखाली गाढ झोपलेली होती.

"तिचं तर नाव घेऊन सांगितलं," द्वारकाबाई म्हणाली. "तिला अडवलं, तर म्हनली, मीच तुमच्या घरी ऱ्हायला येते."